कोयाजी जीनगराची पाठ

राऊतांच्या घोड्यांच्या टापांनी दगडपारे गाव रोज दणाणायचं, त्या काळात तिथं कोयाजी जीनगर राहायचा. त्यानं शिवलेलं खोगीर घोड्याला ओझं वाटत नसे, असं म्हणतात. नवं खोगीर तो आधी स्वतःच्या पाठीवर बांधायचा, वर बायकोला बसवायचा आणि गावभर रांगायचा. लोक पोट धरधरून हसायचे. हसू देत की! कुठं टोचतंय ते कोयाजीला कळायचं.

एकदा घाटावरच्या गडाला शत्रूचा वेढा पडला. कोयाजीची लेक अनसा त्याच गडावर नांदत होती. गड सोडवायला निघालेली पागा दगडपाऱ्यात पाणी प्यायला थांबली. कोयाजीनं एका घोड्याच्या खोगिराखाली हात घातला, तर तळवा रक्तानं माखला. सगळ्याच घोड्यांच्या पाठी सोलून निघालेल्या.

"खोगिरं उतरवा, सरदार," तो म्हणाला.

सरदार भडकला. "तुझी पोर तिथं अडकलीय, आणि तू आम्हाला थांबवतोस?"

"म्हणून तर थांबवतुया! ही घोडी घाटात बसली, तर माझी लेक कोण सोडवंल?"

सरदारानं खोगिरं उतरवायला लावली. लेकीच्या काळजीनं कोयाजीचा जीव कासावीस झाला होता, पण हात काही घाई करेनात. गावानं अंगावरची घोंगडी आणून दिली. कोयाजीनं एकेक खोगीर उसवलं, जखमेवर येणारी जागा पोकळ ठेवली, भोवती घोंगडीचे थर भरले आणि प्रत्येक पाठीवरून तळवा फिरवला. तळवा फिरेल तिथली जखम मिटत गेली, असं म्हणतात.

पागा वाऱ्यासारखी घाट चढली. वेढा उठला आणि अनसा सुखरूप माहेरी आली. बापाला मिठी मारली, तर तो कळवळला. तिनं अंगरखा वर केला. घोड्यांच्या साऱ्या जखमा कोयाजीच्या पाठीवर उतरल्या होत्या. अनसा ढसाढसा रडली. "रडतीस कशापाई? आलीस न्हवं!" कोयाजी म्हणाला. तो पुढं पुष्कळ जगला, पण पाठ टेकून कधी निजला नाही, असं म्हणतात.

दगडपाऱ्यात आजही नवरदेवाचं घोडं वेशीवर थांबतं. नवरदेव खाली उतरतो, स्वतः खोगीर काढतो आणि घोड्याच्या पाठीवरून तळवा फिरवतो. जखम दिसली, तर तो शेला सावरत मांडवापर्यंत पायी जातो आणि घोडं मोकळ्या पाठीनं वाजंत्र्यांपुढं मिरवतं. अशा वरातीला कुणी हसत नाही. नवरीचा बाप मात्र डोळे पुसतो आणि म्हणतो, "पोर चांगल्या हाती पडली."