सिदोजीच्या बंदुकीचं तेल

"तेल चोख आहे म्हणता, महाराज, तर मग बंदूक उडाली का नाही?"

सिदोजीचा आवाज मठाच्या अंगणभर गेला. तसा तो जावा, असंच त्याला वाटत होतं.

ओट्यावर महंत उमेदगीर बसले होते. उन्हात ठेवलेल्या बुधल्यातलं खोबरेल त्यांनी नुकतंच बोटावर घेऊन जिभेला लावलं होतं.

समोरच्या खांबाला गोंदाजी तेली बांधलेला होता. सिदोजीने त्याला घाण्यावरून उठवून, त्याच्या बुधल्यासकट गावातून फरफटत इथवर आणलं होतं. का आणलं, ते वाटेत सांगितलंही नव्हतं.

"भेसळ आहे त्यात," सिदोजी म्हणाला. "मला हुकूम द्या. चाबकाने फोडून काढतो याला."

"चोख आहे," महंत पुन्हा म्हणाले.

करंजघाटाच्या माथ्यावरचा हा गोसाव्यांचा मठ. कोकणातून मीठ-सुपारी घेऊन वर येणाऱ्या बैलांच्या तांड्यांना घाट पार होईपर्यंत राखण द्यायची, हे मठाचं जुनं काम. म्हणून इथल्या गोसाव्यांच्या एका खांद्यावर झोळी असे आणि दुसऱ्यावर बंदूक.

सिदोजी गोसावी नव्हता. समुद्रकाठच्या एका किल्लेदाराचा तो मुलगा. पावसाळा सरल्यावर नेमबाजी शिकायला म्हणून मठात आला होता. येताना वडिलांची तोड्याची, म्हणजे जळत्या वातीने पेटणारी, बंदूक घेऊन आला, आणि वडिलांचा ताठाही.

मठातले लोक बंदुकीला तिळाचं तेल लावत, तेही थेंबभर. सिदोजीला ते दरिद्रीपणाचं वाटे. त्यांच्या घरात तीन पिढ्या बंदुकीला खोबरेलच होतं, आणि ते ओंजळीने. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकवायचं तर हात आखडून चालत नाही, असं वडील म्हणत. सिदोजी रोज दुपारी उन्हात बसून बंदूक न्हाऊ घाली. नळीतही तेल ओती. त्याच्या बंदुकीसारखी झळझळीत बंदूक साऱ्या मठात दुसरी नव्हती.

कंचनगीर म्हणून एक वयस्क गोसावी होते. त्यांनी एकदा जाता जाता म्हटलं होतं, की बार भरण्याआधी नळी कोरडी करावी. त्यावर सिदोजीने उत्तर दिलं होतं, की दात यायच्या आधीपासून मी बंदूक धरतो आहे.

कंचनगीर हसून पुढे गेले होते.

आज पहाटे ते दोघेही इतर राखणदारांसह तांड्याबरोबर होते. मार्गशीर्षातली थंडी. श्वासाची वाफ दिसत होती. वळणावर झाडीतून चौघे लुटारू उतरले. सिदोजी सर्वांत पुढे होता, आणि नेम त्याचा पक्का होता. त्याने चाप ओढला. पेटता तोडा खाली आला, नळीच्या कानाशी, बत्तीच्या भोकावर घातलेली रंजक दारू भुर्रकन जळाली...

आणि बस. आतला बार उडाला नाही.

समोरच्याने तलवार उगारली, तेव्हा कंचनगीर मधे पडले. घाव सिदोजीच्या मानेवर यायचा, तो त्यांनी हातावर घेतला. मागच्या राखणदारांचे बार उडाले, लुटारू पळाले, तांडा वाचला. कंचनगीरांच्या उजव्या हाताची चार बोटं मात्र घाटातच राहिली.

आता ते आतल्या खोलीत होते. वैदूने हातावर पाला बांधला होता. अधूनमधून त्यांचं कण्हणं अंगणात येई, आणि ते आलं की सिदोजीचा राग आणखी भडके. कोणीतरी याचं देणं लागत होतं. कोणीतरी या हाताचा गुन्हेगार होता.

"बंदूक कुठे आहे?" महंतांनी विचारलं.

पहाटे परत आल्यावर सिदोजीने ती दारूगोळ्याच्या कोठीत भिरकावली होती. ती दगडी कोठी, तिला खिडकी नाही. वैशाखातही तिथे पाय गार पडत. एका गोसाव्याने आतली गोळी उपसून बंदूक आणून दिली.

महंतांनी ती उलटीसुलटी करून पाहिली. नळीच्या तोंडाशी नाक नेलं. मग आपल्या अंगावरच्या छाटीचा एक पट्टा फाडला, लोखंडी गजाच्या टोकाला गुंडाळला आणि गज सिदोजीपुढे धरला.

"पूस."

"मी रोज तेल देत होतो तिला," सिदोजी म्हणाला. "तुमच्या साऱ्या मठाने वर्षात दिलं नसेल एवढं. स्वतःच्या डोक्याला घातलं नाही एवढं तेल तिला पाजलं. आणि आता मलाच..."

"पूस."

सिदोजीने गज हिसकावून घेतला आणि रागारागाने नळीत कोंबला. थोडा आत गेला, तसा तो जड झाला. तळाशी जाऊन रुतला. त्याने नेट लावून ओढून काढला.

गजाच्या टोकाला पांढरा, दारूने काळवंडलेला लोण्यासारखा गोळा आला होता.

त्याने नळीच्या कानाच्या भोकात दाभण घातलं. तिथूनही तेच निघालं.

महंतांनी हात पुढे केला. सिदोजीने तो गोळा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.

ती तशीच उबेत धरून ठेवली...

महंतांनी मूठ उघडली तेव्हा हातात तेल होतं. पातळ, वाहतं, चोख तेल. मनगटावरून त्याचा ओघळ कोपरापर्यंत गेला.

खोबरेल थिजतं, हे सिदोजीने ऐकलं नव्हतं असं नाही. पण त्याच्या घरी ते कधी थिजलेलं त्याने पाहिलं नव्हतं. समुद्रकाठी तसली थंडीच पडत नसे. इथेही तो बंदुकीजवळ बसे तो दुपारच्या उन्हात. घाटातली पहाट नळीच्या आत काय करते, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्याचे कान तापले. तरी तो थांबला नाही.

"मग कोणतं तेल लावायचं असतं?" त्याने विचारलं. विचारण्यापेक्षा ते भांडणच होतं.

महंतांनी सांगितलं. थंडीत तिळाचं, तेही चापाला आणि खिळीला थेंबभर. पावसाळ्यात एरंडेल, मेण घालून, फक्त बाहेरून. खाली बंदरात खोबरेल खुशाल लावावं. वडील चुकत नव्हते.

"आणि नळीत?"

"ठेवणीला टाकताना चालेल तेवढं. बार भरताना... काही नाही."

मग त्यांनी खांबाकडे नुसतं पाहिलं.

सिदोजी उठला. खांबापाशी जाऊन त्याने गाठी सोडल्या. गाठी त्यानेच मारल्या होत्या, चांगल्या घट्ट, आणि त्या सुटता सुटत नव्हत्या. एवढा वेळ गोंदाजीच्या तोंडाकडे त्याने पाहिलं नाही.

गोंदाजी मोकळा झाला. त्याने बुधला उचलला, आत डोकावून पाहिलं आणि उरलेलं सगळं तेल सिदोजीच्या पायांपुढे मातीत ओतून टाकलं.

"माझ्या बायकोपोरांसमोरून ओढत आणलंत मला," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "सारा गाव बघत होता. तुम्ही मागितलं खोबरेल, मी दिलं खोबरेल. दादा, दोर लावायच्या आधी एकदा पुसलं तरी असतं मला."

सिदोजी हातातला दोर गुंडाळत राहिला.

गोंदाजीने महंतांना हात जोडले आणि रिकामा बुधला काखेत मारून तो फाटकाबाहेर गेला. सिदोजीकडे वळून पाहिलं नाही.

आतून पुन्हा कण्हणं आलं.

सिदोजी अंगणाच्या मधोमध उभा होता. राग अजून होता. जायला जागा मात्र राहिली नव्हती. तेल चोख निघालं. तेली निर्दोष निघाला. वडीलही चुकत नव्हते. मग त्याला ओट्यावर बसलेला तो म्हातारा दिसला, कोपरापर्यंत तेल ओघळलेला, शांत, आणि सारा संताप तिकडे उसळला.

"तुम्हाला ठाऊक होतं," तो म्हणाला. "रोज दुपारी तुम्ही याच ओट्यावर असता. मी तुमच्या डोळ्यांदेखत नळीत तेल ओतत होतो. एका शब्दाने सांगितलं असतं, तर कंचनगीरांचा हात आज धड असता. कसले गुरू तुम्ही?"

गोसाव्यांतला एक जण पुढे सरसावला. महंतांनी त्याला हातानेच थांबवलं.

"ओतताना दिसत होतास," ते म्हणाले. "मला वाटलं, रात्री कोरडी करत असशील. किल्लेदाराचा मुलगा... मी धरून चाललो. त्या बोटांत माझाही वाटा आहे. तो मी फेडीन."

एवढं ऐकायची सिदोजीची तयारी नव्हती. तरी त्याने प्रश्न सोडला नाही.

"पण सांगितलं का नाही?"

महंतांनी त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि माफीही नव्हती...

"सिदोजी, तू पुसलंस कधी?"