पाठमोरी

"मग आईला बाहेर बसवू की नको, एवढंच सांगा ना, बाई!"

शलाका पार वैतागली होती. स्तनाच्या कर्करोगातून उठलेली आई आणि तिची लेक, दोघींना एकत्र बसवून बोलतं करायचं, हा तिच्या संशोधनाचा विषय. प्रश्न तिने घासूनपुसून तयार केले होते. आपल्या प्रश्नांवर तिचा पूर्ण विश्वास होता. पण मिरजेच्या कौसल्याकाकूंपुढे ते सगळे आपटत होते.

"लेकीला विचारलं की आईच उत्तर देते. म्हणे, 'तिला काय धाड भरलीय?' आणि लेकीची मान खाली!"

तिच्या मार्गदर्शक दमयंतीबाईंची हयात याच कामात गेली होती.

"बसवतेस कशा त्यांना?"

"समोरासमोर. खुर्च्यांवर. शास्त्रशुद्ध."

"हं..."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई स्वतःच तिच्यासोबत काकूंकडे निघाल्या.

काकूंनी लगबगीने खुर्च्या मांडल्या. बाई सरळ जमिनीवर बसल्या. काकूंची लेक सोनल नुकतीच न्हाऊन आली होती. बाईंनी खिडकीतला कंगवा उचलला आणि काकूंच्या हातात दिला.

"गुंता झालाय बघा लेकीचा."

"एवढी घोडी झाली, तरी आईच लागते!" काकूंनी लेकीला पुढ्यात ओढलं.

शलाकाने तोंड उघडलं. बाईंनी तिचं मनगट धरलं.

कंगवा चालू लागला. सोनल भिंतीकडे बघत होती. काकू तिच्या भांगाकडे.

"आई गं! हळू ना."

"मग रोज विंचरावेत."

...

"आई."

"काय?"

"तुझी गाठ... सुरुवातीला दुखायची का गं?"

"छे. जराही नाही. म्हणून तर..."

कंगवा थांबला.

"तुला कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तू परत रडत बसली असतीस."

काकू रडल्या नाहीत. भराभर वेणी घातली, टोकाला रबर अडकवलं.

"ऊठ. चप्पल घाल. ओपीडी बारापर्यंतच असते."

शलाका गडबडली. बाईंच्या कानाशी लागली.

"बाई, माझा एकही प्रश्न झाला नाही. आता काय विचारू?"

बाई पदर खोचत उठल्या.

"रिक्षा कुठे मिळते, ते."