शेगडीजवळची पिल्लं

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण ती त्यांचीच आहे.

डोंगराच्या पायथ्याशी एका अंगणात दोन जावा राहत होत्या. थोरली कमी बोलायची. धाकटी गोड बोलायची, आणि कुणी तिला चांगलं म्हटलं की ते तिला दिवसभर पुरायचं. दोघींच्या चुली वेगळ्या होत्या, पण कोंबडी एकच. ती अंड्यांवर बसली, पिल्लं निघाली, आणि ती धड चालायला लागतात न लागतात तोच मुंगसाने कोंबडीला नेलं.

सासूने पिल्लं अर्धी अर्धी वाटून दिली. खुराडाही एकच होता. त्या गावची रीतच होती, की चुली वेगळ्या झाल्या की खुराड्यात मधोमध बांबूची तट्टी बांधायची. ती नुसत्या सुंभाने बांधलेली असे, लहान मूलही सोडू शकेल अशी. पण दुसरीला न विचारता तट्टीला हात लावणं म्हणजे भांडणाला हात घालणं, असं सगळे मानत.

आईवेगळी पिल्लं आधी घरातच ठेवावी लागतात. दोघींनी डालग्यात कोंडा पसरला आणि शेजारी शेगडी पेटवून ठेवली.

पंखांवर खरी पिसं दिसू लागली तशी थोरलीने शेगडीतले निखारे रोज थोडे कमी केले. दुपारच्या उन्हात ती पिल्लांना अंगणात सोडायची, ऊन कललं की आत घ्यायची. पुढे डालगं पडवीत आलं. मग वारा पडलेला एक दिवस पाहून तिने त्यांना खुराड्यात नेलं आणि ती शिकेपर्यंत रोज संध्याकाळी एकेकाला उचलून रात्री बसायच्या दांडीवर बसवलं.

पिल्लं सुरुवातीला फार ओरडली. पाण्याला निघालेल्या बायका अंगणाशी थांबल्या. ‘‘काळीज आहे का दगड?’’ त्या म्हणाल्या, थोरलीला ऐकू जाईल अशा बेताने.

मग त्या धाकटीच्या घरात डोकावल्या. तिथे शेगडी रसरसलेली आणि पिल्लं सुस्तावलेली. ‘‘आईच गं तू यांची!’’ त्या म्हणाल्या. त्या गेल्यावर धाकटीने शेगडीत आणखी कोळसे घातले. बायका रोज येत राहिल्या आणि कोळसे रोज पडत राहिले.

एकदा थोरली न राहवून म्हणाली, ‘‘अगं, त्यांना थोडं बाहेर काढ. गारवा लागला तरच पिसं दाट येतात. जन्मभर का शेगडीपाशी राहणारेत ती?’’

सगळ्या बायका तिथे होत्याच. धाकटी हसून म्हणाली, ‘‘जाऊबाई, तुमचं काळीज तुम्हालाच लखलाभ!’’

बायका खदखदल्या. थोरलीने कळशी उचलली आणि मनाशी ठरवलं, की आता हिला एक शब्द सांगायचा नाही. तिने तो निश्चय पाळला. माणसं नको ते निश्चय फार नेमाने पाळतात.

पौष आला. धाकटीची पिल्लं उंच झाली, पण अंगावर पिसं विरळच. ती घरभर हुंदडायची, पिठात पाय घालायची. आता त्याच बायका दारातून नाकाला पदर लावून परत जायच्या. एक दिवस पाहुण्यांच्या पंगतीत एक पिल्लू उडालं ते थेट सासऱ्यांच्या भाताच्या ताटात.

‘‘दिवेलागणीच्या आत ही ब्याद बाहेर!’’ सासरे ओरडले.

धाकटी शरमेने आणि रागाने लाल झाली. तिने सगळी पिल्लं पाटीत कोंबली, खुराड्याच्या आपल्या बाजूला ओतली आणि दार लावलं. डोंगरावरून गार वारा उतरत होता.

पिल्लांना दांडी ठाऊक नव्हती. भिंतीच्या फटीतून त्यांच्या ओळखीच्या घरातल्या चुलीचा उजेड दिसत होता, तेवढा ठाऊक होता. ती त्या कोपऱ्याकडे धावली. एकावर एक चढली, आणि खालची चिरकू लागली.

थोरली आपल्या बाजूचं दार लावायला आली आणि तिने ते पाहिलं. अशा ढिगात खालची गुदमरतात, हे तिला पक्कं माहीत होतं. तट्टी सोडायची, पिल्लं वेगळी करायची आणि आपल्यांच्या शेजारी दांडीवर बसवायची, एवढंच काम होतं. तिने गाठीला हात घातला. गाठ सैल झाली. तेवढ्यात तिला ते खदखदणं आठवलं.

‘‘लखलाभ,’’ ती पुटपुटली आणि घरात गेली.

आत चुलीपाशी धाकटीलाही चिरकणं ऐकू येत होतं. जाऊबाईंना हाक मारावी, असं तिला वाटलं. पण कुठल्या तोंडाने मारणार? हळूहळू आवाज थांबला. ‘‘झोपली वाटतं,’’ ती स्वतःशी म्हणाली, आणि तिला बरं वाटलं.

सकाळी तिने दार उघडलं. खालची गुदमरून गेली होती, वरची थंडीने ताठली होती. एकही उरलं नव्हतं.

धाकटीने हंबरडा फोडला. बायका धावून आल्या. ‘‘नजर लागली गं!’’ म्हणत त्यांनी थोरलीकडे पाहिलं. आपण काय काय बोललो होतो, ते एकीलाही आठवलं नाही.

‘‘मी सांगितलं होतं,’’ थोरली म्हणाली.

धाकटी काही बोलणार होती, पण तिची नजर तट्टीवर गेली. गाठ अर्धी सुटलेली होती.

‘‘जाऊबाई, म्हणजे तुम्ही आला होतात?’’

थोरलीचा चेहरा उतरला. ‘‘आणि तुला ऐकू येत नव्हतं?’’ तिने विचारलं.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि दोघींनाही ती नजर झेपली नाही.

शेजारचा म्हातारा कोंबडा भिंतीवरून सगळं बघत होता. तो म्हणाला, ‘‘आम्हाला पिसं यायला थोडा गारवा पुरतो. या माणसांना शहाणपण यायला इतकी पिल्लं लागली, आणि तरी आलं की नाही, कोण जाणे.’’

नव्हतंच आलं. तट्टीच्या जागी पुढे मातीची भिंत उभी राहिली. थोरलीच्या बाजूला कोंबड्या वाढल्या. धाकटीची बाजू कायमची रिकामी राहिली, आणि त्या अंगणात दोघी पुन्हा कधी बोलल्या नाहीत.

तात्पर्य : ज्याला उद्या उघड्यावर राहायचं आहे, त्याला आजपासून थोडं थोडं बाहेर न्यावं; आणि ज्याला हे कळतं, त्याने रुसून हात मागे घेऊ नये.