घारपुरे साहेबांच्या तळ्याची पाटी

शपथेवर सांगतो, गोष्ट शंभर टक्के खरी आहे, म्हणजे बरीचशी.

मावळात घारपुरे साहेबांनी होडीच्या हौसेपायी मातीचा बांध घालून तळं केलं. बांधाच्या पायथ्याशी ऐन मे महिन्यात, न शिंपता गवत हिरवंगार. साहेब ते पाहुण्यांना कौतुकानं दाखवत. खालच्या वाडीच्या सरपंच पार्वताबाईंना मात्र त्यात पाझर दिसला. बांध फुटला तर वाडी जाणार. बांध तपासायला बाई एका इंजिनिअरला घेऊन फाटकाशी आल्या.

"पाटी वाचा बाई," साहेब म्हणाले. "खासगी जागा. परवानगीशिवाय आत येऊ नये."

"वाचली की. आता दुसरी लावा, तळ्याकडं तोंड करून. 'परवानगीशिवाय बाहेर जाऊ नये.' पाणी ऐकणार असेल, तर आम्ही निघतो."

साहेबांनी एकदा त्या गवताकडं पाहिलं आणि फाटक उघडलं. त्याच आठवड्यात तळं उपसून बांधाची दुरुस्ती सुरू झाली, आणि साहेबांनी बाईंना चहाही पाजला.

चहा तेवढा माझ्या पदरचा.