हसाजीचा शनिवार

तेलाची बाटली पिशवीतच राहू द्या. आज शनिवार. दर शनिवारी कोणीतरी लांबून येतं, या काळ्या दगडावर तेल ओतायला बघतं आणि माझी बोलणी खातं. शनीचा दगड नाही हा. मध्यंतरी कोणीतरी 'जागृत शनिस्थान' अशी पाटीसुद्धा ठोकून गेलं होतं. आम्ही ती काढली. मग दुसरे आले, ते विचारू लागले, कुठल्या पीराची जागा? जो येतो तो आपलाच देव शोधत येतो. बसा, चढून दमला असाल. या टेकडीला दिव्याची टेकडी म्हणतात, खाली दिसते ती खारशेतची खाडी, आणि हा दगड हसाजी तेल्याच्या आठवणीचा आहे.

हसाजी शनिवार तेली. हे नाव ऐकून तुम्ही परत शनीकडेच जाल, म्हणून सांगतो. हे लोक ज्यू, बेने इस्राएल. फार पूर्वी त्यांचं गलबत या किनाऱ्यावर फुटलं, असं सांगतात. पोथ्या दर्यात गेल्या. पुढे भाषाही गेली. ते आमच्यासारखंच बोलू लागले, त्यांच्या बायका लुगडी नेसू लागल्या, घाण्यावर तेल गाळून पोट भरू लागले. उरलं काय? एक लहानशी प्रार्थना आणि शनिवार. शुक्रवारी सूर्य बुडाला की घाणा बंद, चूल बंद, बैलालासुद्धा सुट्टी. शनिवारी संध्याकाळी आभाळात तीन चांदण्या दिसल्या की मगच कामाला हात लावायचा. तो एक दिवस सोडला तर आपण कोण, हे त्यांना कोणाला सांगता आलं नसतं.

इथे टेकडीवर तेव्हा मोठा दिवा असे. खाडीच्या तोंडाशी खडक आहे. भरतीला तो अजिबात दिसत नाही. नाखवे दिवा बघून खडक चुकवायचे आणि आत शिरायचे. दिव्याला उंडीच्या बियांचं तेल लागे, ते हसाजीच्या घाण्यावरून येई. शनिवारची अडचण नको म्हणून तो शुक्रवारीच रांजण भरून ठेवायचा. गावात त्याच्यावर कोणी कधी रागावलं नव्हतं म्हणे.

दसऱ्यानंतरचे दिवस होते. होड्या बाहेर गेलेल्या. शनिवारी दुपारी वारा उठला, बघता बघता आभाळ काळं झालं, आणि टेकडीवरचा रांजण वाऱ्यानं कलंडून फुटला. तेल सगळं मातीत, घाण्यावरही शिल्लक नव्हतं. घरोघरच्या पणत्यांमधलं तेल गोळा केलं, ते घटकाभरही पुरलं नाही. तेव्हा जोमी नावाची कोळीण हसाजीच्या अंगणात येऊन उभी राहिली. तिचा नवरा पोशा नाखवा बाहेर होता.

"हसाजीभाव, घाना जुंप. मानसा दर्यान हान," ती म्हणाली.

हसाजी अंगणातच होता. वर बघत होता. दिवस मावळला होता, पण आभाळ असं गच्च भरलेलं की एक चांदणी दिसेल तर शपथ. "जरा थांब, बाय," तो म्हणाला. "तीन चांदन्या दिसू देत. लगेच जुंपतो."

जोमी थांबली. तोही थांबला. दोघं मान वर करून उभे होते, असं सांगतात. वाईट माणूस नव्हता हो तो. त्याला दर्यावरच्या माणसांची काळजी नव्हती असंही नाही. त्याच्या बापजाद्यांनी सगळं गमावून जे एक जपलं होतं, ते त्याच्या हातून तुटणार होतं. शेवटी खाडीकडून बायकांचं रडणं ऐकू आलं, आणि चांदण्यांची वाट न बघता हसाजीनं बैल जुंपला. रडत रडत तो घाणा हाकत होता म्हणे. दिवा लागला. त्या उजेडात होड्या एकामागून एक आत आल्या.

पोशाची आली नाही. तो सगळ्यांच्या पुढे होता, त्यामुळे खाडीच्या तोंडाशी आधी पोचला, आणि तेव्हा टेकडीवर अंधार होता.

कोळ्यांनी हसाजीला शब्दानंही दुखावलं नाही, अशी इथे सांगायची रीत आहे. मला काही ते पटत नाही. ज्यांचं माणूस गेलं ते बोलले असणारच. त्याच्या लोकांनी त्याला वाळीत टाकलं नाही, पण प्रार्थनेला जाणं त्यानं आपणहून बंद केलं. शनिवार मोडला, आता मी तुमच्यातला नाही, असं त्यानं सांगून टाकलं. घाणा भावाला दिला आणि इथे दिव्यापाशी येऊन राहिला. धर्म त्याच्या हातून गेला आणि पोशाही वाचला नाही. यापेक्षा वाईट काय होणार, असं तुम्हाला वाटेल.

काही वर्षांनी दक्षिणेकडून त्यांच्या धर्माचा एक जाणता माणूस गलबतानं आला. विसरलेल्या गोष्टी तो या लोकांना शिकवू लागला. हसाजीची हकिगत ऐकून तो स्वतः टेकडी चढून आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्याकडून पाप झालेलं नाही. जीव वाचवायचा असेल तर शनिवार मोडता येतो. मोडावाच लागतो."

बिचाऱ्याला वाटलं, आपण याचं ओझं उतरवलं.

हसाजीनं खाडीच्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे थांबाची गरजच नव्हती."

त्यानंतर त्यानं अन्न सोडलं. आता तरी शनिवारी आमच्यात येऊन बस, म्हणून त्याचे लोक विनवायला आले, तर म्हणाला, तो दिवस मला नको, त्यानं पोशाला खाल्लं. हे जोमीच्या कानावर गेलं. नवरा गेल्यापासून ती या टेकडीकडे फिरकलीसुद्धा नव्हती. ती पेजेचं भांडं घेऊन वर आली.

"माजा मानूस त्या दिवसापायी गेला," ती म्हणाली. "आनि तू तो दिवसच टाकून देतोस? मंग तो गेला कशापायी? तू नको पालू. मी पालते."

आणि तिनं तो पाळला. तिच्या मागोमाग खारशेतच्या कोळीवाड्यानंही पाळला, शनिवारी होड्या बाहेर काढणं बंद केलं. हसाजी त्यानंतर फार जगला नाही. त्यानं ती पेज खाल्ली की नाही, कोणी सांगत नाही.

तेली आता नाहीत. माझ्या वडिलांच्या वेळी शेवटचं घर बंद झालं, माणसं इस्राएलला गेली. परवा आमचीच पोरं विचारत होती, लोकांचा दिवस आपण का पाळायचा, आपल्याला आपला धर्म नाही का? पोशा नाखव्याच्या घरच्यांनी मात्र हे कधी विचारलेलं नाही.

खाडीच्या तोंडाशी आता विजेचा दिवा आहे, तेलाची गरज कोणालाच नाही. पण आजही शुक्रवारी ऊन उतरायला लागलं की जोमीच्या घरची सून वर येते, इथल्या पणतीत दोन दिवसांचं तेल घालते आणि दगडाशी वाकून म्हणते, "हसाजी, उद्याचा तेल घातलाय. तुला कोन हाक माराला येनार नाय."