पितळी पाटी आणि तिसरा पंखा

एकदा एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री राहत असत. त्यांचे मूळ नाव लोक केव्हाच विसरले होते. घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या साऱ्या चालकांसाठी ते 'उस्ताद' होते. बोनेट उघडण्याआधी नुसता आवाज ऐकून ते इंजिनाचे दुखणे सांगत. सत्तरी उलटल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला आणि गॅरेजचा सारा कारभार आपल्या शिष्येच्या हाती सोपवला.

शिष्येचे नाव सारिका. डिप्लोमा करून ती उस्तादांकडे आली, त्याला सात वर्षे झाली होती. 'पोरगी गाडी दुरुस्त करते म्हणजे काय करते, फडक्याने पुसते का?' असे म्हणणारे महाभाग आरंभी पुष्कळ होते. सारिकाने त्यांना तोंडाने उत्तर दिले नाही. तिने गाड्या नीट केल्या आणि हळूहळू तीच माणसे तिच्या दारात रांग लावू लागली.

जवळच्याच गावात बेदाण्याचे एक मोठे व्यापारी होते, नेमिनाथशेठ. दोन वर्षांपूर्वी त्यांनी घरच्यांसाठी उंच, ऐसपैस अशी नवी गाडी घेतली. गाडी सातजणांची, पण 'तू राहा मागे' असे कुणाला म्हणण्याची शेठच्या घरात पद्धत नव्हती, म्हणून तीत नऊजण बसत. शेठचे वडील, अप्पा, गाडी येण्याच्या थोडे आधीच निवर्तले होते. शेठनी तांबटाकडून चांगली पाटाएवढी पितळी पाटी घडवून घेतली, तिच्यावर 'अप्पांची पुण्याई' अशी अक्षरे कोरवली आणि ती गाडीच्या तोंडावर, पुढच्या जाळीवर, ठळक बसवली. दर आठवड्याला तिला झेंडूचा जाडजूड हार पडे. गाडीत बसणारा प्रत्येकजण आधी त्या पाटीपुढे हात जोडी.

आठव्या महिन्यात गाडीचा पंखा गेला. इंजिनापुढच्या रेडिएटरमधले पाणी थंड ठेवणारा हा पंखा वर्षानुवर्षे कुरकुरत नाही. पण गेला, की एकटा जात नाही. मोटर, सांगाडा, वरची कंट्रोलची डबी, सगळा संचच बदलावा लागतो. बिल पाहून शेठ म्हणाले, "एवढ्यात आमच्या अप्पांनी बैलजोडी आणली असती!" सारिकाने नवा पंखा बसवला. सहा महिन्यांत तोही जळाला. शहरातल्या सर्व्हिस सेंटरने हात झटकले. सारिकाने वायरी तपासल्या, फ्यूज तपासले, पाणी बदलले, पुन्हा नवा पंखा बसवला. आणि चैत्राच्या भर उन्हात, घाटाच्या सातव्या वळणावर, त्यानेही मान टाकली.

त्या दिवशी गाडीत शेठच्या ऐंशी वर्षांच्या आई होत्या. सारे गाव त्यांना अक्का म्हणे. दोन तास त्या रस्त्याकडेला एका झुडपाच्या टीचभर सावलीत बसून राहिल्या आणि शेवटी त्यांना भोवळ आली. शेठ हादरून गेले. दुसऱ्या दिवशी बेदाण्याच्या सौद्यात, भर लिलावात शंभर माणसांसमोर, ते म्हणाले, "पंख्यात खोट नाही. खोट बसवणाऱ्या हातात आहे."

शब्द संध्याकाळपर्यंत घाटाच्या पायथ्याशी पोचला. सात वर्षांची कमाई एका वाक्यात धुऊन निघाली, असे सारिकाला वाटले. ती उस्तादांसमोर गेली आणि तिने आपला पाना त्यांच्या पायाशी ठेवला.

"उस्ताद, माझ्याच हाताला यश नाही. मी सोडते हे काम."

उस्तादांनी पान्याकडे पाहिलेसुद्धा नाही. "शेठचा नवा पंखा आलाय का?"

"आलाय."

"बसव. शेठला बोलाव. म्हणावं, अक्कांना घेऊन या. आणि येताना देव्हाऱ्यातली उदबत्ती आण."

सारिकाला काही उमगेना. पण उस्तादांचे ऐकण्याची तिला सवय होती. गॅरेजमध्ये ओढून आणलेल्या गाडीला तिने चौथा पंखा बसवला. दुपारी शेठ घरच्या सगळ्यांना घेऊन आले, अक्का गाडीत मागच्या सीटवर बसल्या, आणि 'आता काय होते' ते पाहायला निम्मा बाजारही आला. उस्तादांनी गाडी सुरू करायला लावली, एसी चालू करायला लावला, आणि पंखा घोंघावू लागताच उदबत्ती पेटवून ते गाडीसमोर उभे राहिले.

गर्दीत हशा पिकला. "मिस्त्री थकले, आता देवालाच साकडं!" कुणीतरी म्हणाले. सारिकाचे कान तापले. आपली नाचक्की झाली ती झाली, पण आता या थोर माणसाचेही हसे होणार, या विचाराने तिच्या डोळ्यांत पाणी आले.

उस्ताद मात्र शांतपणे उदबत्ती फिरवत होते. मध्येच ते म्हणाले, "सारिके, हात जोडू नकोस. बघ."

तिने डोळे पुसले आणि पाहिले. जाळीच्या अगदी कडेला धूर सर्रकन आत ओढला जात होता. पण उदबत्ती मध्यभागी आली की धूर पाटीवर आपटे, हारात घुटमळे आणि उलटा फिरून उस्तादांच्याच डोळ्यांत जाई. आत पंखा जीव तोडून फिरत होता, आणि बाहेरचा वारा त्याच्यापर्यंत पोचतच नव्हता.

सारिकाच्या मनात लख्ख उजेड पडला. तिन्ही वेळा तिने बोनेट उघडून वरून पाहिले होते, खाली झोपून पाहिले होते. समोरून मात्र कधीच पाहिले नव्हते. समोर गेली की तिचेही हात जोडले जात, आणि हात जोडले की डोळे मिटत.

ती पुढे झाली. तिने जाळीवर बोट ठेवले. "शेठ, पंखे चांगले होते. बसवलेही नीट होते. पण गाडीचं नाकच बंद आहे. ही पाटी काढावी लागेल."

हशा थांबला. शेठचा चेहरा लाल झाला. "अप्पांचं नाव काढू? मी? माझ्या हातानं?"

तेवढ्यात मागच्या सीटवरून अक्का उतरल्या आणि काठी टेकत पाटीजवळ आल्या. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवले.

"नेमू, अरं तुझ्या बापाचा एक तरी फोटो दाव, ज्यात ते म्होरं उभं हाईत. लगीन असू दे, वास्तुशांत असू दे, सगळ्यास्नी पुढं करून ते मागं उभं राहायचं. आणि तू त्यास्नी गाडीच्या तोंडाला बांधलंस व्हय? मागं लाव. तिथंच त्यास्नी बरं वाटंल."

शेठ पाटीजवळ गेले. मग त्यांनी स्वतः हार उतरवला, सारिकाच्या हातातून पाना घेतला आणि एकेक बोल्ट सोडवला. पाटी निघाली. उस्तादांनी पुन्हा उदबत्ती धरली. सुईत दोरा जावा तसा धूर सरळ आत गेला.

पाटी मागच्या दारावर बसली. पण सारिकाचे समाधान झाले नव्हते. "आत्ताच घाट चढू," ती म्हणाली. "सगळे बसा. नऊच्या नऊ. एसी चालू ठेवून."

स्टिअरिंगवर ती स्वतः बसली. शेजारी उस्ताद, मागे अक्का, शेठ आणि बाकीचा गोतावळा. भर दुपार होती, डांबर नुसते पेटले होते. पहिले वळण, तिसरे, पाचवे. सारिकाची एक नजर रस्त्यावर आणि एक तापमानाच्या काट्यावर. सातवे वळण आले तशी गाडीत कुणी श्वासही मोठ्याने घेईना. काटा मध्यावर होता. वळण मागे पडले. काटा मध्यावरच होता. "गेलं गं बाई ते झुडूप!" अक्का ओरडल्या, आणि गाडीत टाळ्यांचा एकच कडकडाट झाला.

माथ्यावर सारिकाने गाडी थांबवली, एसी बंद केला, इंजिन चालूच ठेवले आणि बोनेट उघडले. पंखा थोडा वेळ फिरला, मंदावला आणि आपोआप थांबला. इंजिन शांतपणे गुरगुरत होते. जळालेले तीन पंखे तिने पाहिले होते. या गाडीत निवांत विसावलेला पंखा ती आज प्रथमच पाहत होती. ती मोठ्याने हसली, अगदी मनापासून.

उस्ताद जवळ येऊन उभे राहिले. म्हणाले, "पोरी, घोंघावणारा पंखा पाहून आपल्याला वाटतं, काम चाललंय. पण एकट्या पंख्याच्या जिवावर गाडी थंड राहत नसते. समोरून येणारा वारा त्याचा भार हलका करतो. तो कमी पडला, की पंख्यानं हात द्यायचा आणि मग थांबायचं. आपण वाऱ्याची वाट बुजवली आणि सगळं ओझं त्याच्या माथी मारलं. ते तीन पंखे कमजोर नव्हते. त्यांना थांबायला कधी मिळालंच नाही. आणि शेठ, तुमची भक्तीही खोटी नव्हती. थोरांचा हात पाठीवर हवा. तोंडावर ठेवला, तर लेकराचा जीव गुदमरतो."

शेठनी मान डोलावली. उतरताना त्यांनी गाडी घराकडे नेऊ दिली नाही; थेट सौद्यात नेली. तिथे ते पायरीवर उभे राहिले आणि त्याच शंभर माणसांसमोर, त्याच चढ्या आवाजात म्हणाले, "मी चुकलो! खोट माझ्या पाटीच्या जागेत होती. या पोरीच्या हातात यश आहे, यश!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजसमोर अकरा गाड्या उभ्या होत्या. कुणाच्या जाळीवर गदा, कुणाच्या तोंडावर घराण्याचे नाव, कुणाला पुढे लोखंडी पत्राच ठोकलेला. सारिकाने पाना उचलून कमरेला खोचला, उदबत्ती पेटवली आणि पहिल्या गाडीसमोर उभी राहिली. आज कुणी हसले नाही. उस्ताद बाकावर चहा पीत होते, ते मात्र गालातल्या गालात हसले.

आपल्याही घरात माणसाच्या रूपाने असा एखादा पंखा अखंड फिरत असतो. तो जळण्याची वाट न पाहता एकदा समोर जावे, आणि डोळे उघडे ठेवून पाहावे.