येसाईचं पाचवं हरण

फार फार वर्षांपूर्वी, कुरणवाडीच्या माळावर ज्वारी पुरुषभर उंच वाढायची, तेव्हाची ही गोष्ट. गावात येसाई नावाची चितारीण राहायची आणि ती राग रंगवायची. राग कानांनी ऐकायचा असतो हे तुम्हाआम्हाला ठाऊक. पण येसाईचा राग डोळ्यांनी ऐकू यायचा, असं म्हणतात. सकाळचा राग ती सकाळीच रंगवी, सांजेचा सांजेला, आणि चित्रातल्या जिवांचे डोळे सगळ्यात शेवटी रेखून उघडी.

एकदा सरदारांचा सांगावा आला, लेकीच्या लग्नात तोडीचं चित्र हवं. तोडी म्हणजे माळावर सकाळी वीणा वाजवणारी बाई, आणि तिच्याभोवती ऐकत उभी राहिलेली पाच हरणं. लग्न तोंडावर आलं होतं. घाईत येसाईनं हरणांचे डोळे आधी उघडले आणि वीणेच्या तारा राहूनच गेल्या. ती भाकरी खाऊन परतली, तर कागदावर हरणांच्या पाच कोऱ्या जागा!

हरणं निघाली ती थेट रायाजी पाटलाच्या ज्वारीत शिरली. गोफणीचे दगड त्यांच्या आरपार जात. कुत्री भुंकून भुंकून दमली. हरणं जिथून जात तिथं पानांना पिवळा रंग लागे, म्हणून चोर कुणाचे ते लपलं नाही. चार दिवसांत निम्मं पीक आडवं झालं.

पाटील दारात येऊन म्हणाला, "येसाई, तुजी हरणं हायेत, तूच आवर. न्हाईतर उद्या बोचकं बांध आन् गाव सोड."

"चूक माजीच हाय, पाटील," येसाई म्हणाली. "पर त्यांना भूक न्हाई लागल्याली. म्यां त्यांना ऐकाया हुबं केलं, आन् ऐकाया काय ठिवलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी तोडीच्या वेळेला ती चित्र घेऊन बांधावर बसली. सारा गाव मागे उभा. एका श्वासात एक, अशा तिनं चार तारा ओढल्या. चौथी तार पुरी झाली आणि कागदातून सूर उठला, असं म्हणतात. ज्वारीतून माना वर झाल्या. एकेक करत चार हरणं आली आणि आपापल्या जागी जाऊन उभी राहिली.

पाचवं हरण मात्र बांधावरच थांबून ऐकत राहिलं. पाटलानं सवयीनं गोफण उचलली, तशी येसाईनं त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. ऐकणारं कुनीतरी गावात हवं."

चित्र चार हरणांचंच गेलं. कोरी जागा बघून सरदारांनी विचारलं, तर येसाईनं निरोप धाडला, "ते आमच्या गावाला लागतंय." सरदारांनी चित्र तसंच लेकीला दिलं म्हणे.

आजही कुरणवाडीत ज्वारी कापणीला आली की बांधाकडच्या चार ओळी त्या हरणासाठी कुणी कापत नाही. तारा चार, म्हणून ओळी चार. जत्रेला कितीही मोठा गवई येवो, त्याला आधी सकाळी त्या बांधावर नेतात. तो गावकऱ्यांकडे पाठ करून, ज्वारीकडे तोंड करून तोडी गातो. मागे सारा गाव उभा असतो आणि कुठलं पान हलतंय ते बघतो.